राजवंशाचा पहिला पुरुष : सिमुक सातवाहन



शाळेच्या इतिहासात आपण राजघराण्यांची नावे पाठ करतो. मौर्य, शुंग, कण्व, सातवाहन, वाकाटक. परीक्षा संपली की नावे विसरतो. परंतु प्रत्येक घराण्याच्या मुळाशी एक माणूस असतो, ज्याचा बाप राजा नव्हता. तो कोण होता, त्याला राज्य कसे मिळाले आणि त्याच्या माघारी ते कशावर टिकले, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. महाराष्ट्राच्या पहिल्या मोठ्या राजवंशाचा म्हणजे सातवाहनांचा मूळपुरुष सिमुक याच्याविषयी हा प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आपल्या पवनी तालुक्याचा या काळाशी संबंध आहे, म्हणून हा विषय आपल्याला दूरचा नाही.

चीनमधील एक उदाहरण

प्रथम थोडे बाहेर पाहू, म्हणजे आपल्याकडे काय आहे आणि काय नाही ते नीट कळेल. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये लिऊ बांग नावाचा एक शेतकऱ्याचा मुलगा होता. पेई या भागात तो अगदी किरकोळ हुद्द्यावर होता. आपल्याकडच्या पोलीस पाटलाच्या तोडीचे ते काम म्हणता येईल. सक्तीच्या मजुरीसाठी नेत असलेले कैदी वाटेत पळू लागले, तेव्हा त्याने उरलेल्यांनाही सोडून दिले आणि स्वतः रानात आसरा घेतला. इ.स.पू. २०९ मध्ये चिन राजवटीविरुद्ध बंड पेटले, त्यात तो पुढारी झाला. इ.स.पू. २०६ मध्ये चिनांची राजधानी त्याच्या हाती आली. तेथे त्याने जुने जाचक कायदे रद्द करून तीनच नियम सांगितले : खून करील त्याला देहदंड, इजा करील त्याला शिक्षा, चोरी करील त्याला शिक्षा. इ.स.पू. २०२ मध्ये प्रतिस्पर्धी श्यांग यू याचा पराभव करून तो सम्राट झाला. शेतसारा त्याने उत्पन्नाच्या पंधराव्या हिश्श्यावर आणला. इ.स.पू. १९५ मध्ये तो वारला. त्याने स्थापन केलेले हान घराणे, मधला थोडा खंड सोडला तर, इ.स. २२० पर्यंत चालले. याच हान काळात बौद्ध धम्म चीनमध्ये पोचला.

हे सर्व इतक्या तपशिलाने आपल्याला कळते, कारण सुमारे शंभर वर्षांनी सिमा च्येन या दरबारी इतिहासकाराने ते लिहून ठेवले. विशेष म्हणजे त्याच घराण्याच्या पदरी राहून त्याने मूळपुरुषाची गरिबी, त्याचे मद्यपान आणि त्याचे उर्मट बोलणे लपवले नाही. संस्थापक सामान्य घरातला होता, याची त्या दरबाराला लाज वाटली नाही.

आता आपल्याकडे वळू.

पुराणांतील नोंद

सिमुकाचे नाव पुराणांत येते, पण प्रत्येक ठिकाणी वेगळे. मत्स्यपुराणात तो शिशुक आहे, वायुपुराणात सिंधुक. पुराणे या घराण्याला आंध्र म्हणतात. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की हा पुरुष शेवटचा कण्व राजा सुशर्मा याचा सेवक होता, त्याने धन्याला मारले, शुंगांचे जे काही उरले होते तेही संपवले आणि २३ वर्षे राज्य केले. त्याच्यानंतर त्याचा भाऊ कृष्ण गादीवर आला.

भागवतपुराण याही पुढे जाते. ते या संस्थापकाला वृषल म्हणते, म्हणजे शूद्र, आणि शिवाय दुष्ट ठरवते. येथे आपण सावधपणे विचार केला पाहिजे. भागवत हा ग्रंथ सातवाहन राज्य संपल्यानंतर कित्येक शतकांनी आजच्या रूपात आला. इतक्या उशिरा लिहिलेल्या शब्दावरून कोणाची जात पक्की ठरवता येत नाही. तथापि, ग्रंथकाराला हा राजा नकोसा होता आणि तो नकोसेपणा सांगायला त्याने जातीचा शब्द वापरला, एवढे मात्र नक्की समजते.

याच घराण्याची दुसरी बाजू नाशिकच्या लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मुलाचे वर्णन अद्वितीय ब्राह्मण असे केले आहे आणि त्याने चार वर्णांची सरमिसळ थांबवली, असेही म्हटले आहे. द्वात्रिंशत्पुत्तलिकेतील कथा या वंशाचे मूळ ब्राह्मण व नाग यांच्या मिश्र संबंधात सांगते. आपल्या लोककथेत तर शालिवाहन पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढतो आणि मातीच्या सैनिकांना जिवंत करतो.

म्हणजे एका घराण्याच्या मुळाविषयी चार साक्षीदार चार गोष्टी सांगतात. शत्रूने खाली ढकलले, वारसांनी वर उचलले, आणि लोकांनी त्याला आपल्यातला, माती कालवणाऱ्याच्या घरातला केला. यांपैकी आपल्याला आवडेल ते विधान उचलून घोषणा करणे सोपे आहे. पण अभ्यास म्हणजे आवडीची निवड नव्हे. कोण बोलतो, केव्हा बोलतो आणि कशासाठी बोलतो, हे तपासल्यावरच शब्दाची किंमत ठरते.

काळाचा हिशेब

सिमुक केव्हा झाला, याबद्दल अभ्यासकांत दोन मते आहेत. गंमत अशी की दोन्ही मते पुराणांच्याच आकड्यांवरून निघतात. बँकेत बसणाऱ्या माणसाला बेरीज-वजाबाकीचा मोह आवरत नाही, म्हणून ती येथे मांडतो.

चंद्रगुप्त मौर्य इ.स.पू. ३२२ च्या सुमारास गादीवर आला. पुराणे मौर्यांना १३७ वर्षे, शुंगांना ११२ वर्षे आणि कण्वांना ४५ वर्षे देतात. यांची बेरीज २९४. ती ३२२ मधून वजा केली की इ.स.पू. २८ येते. सिमुकाने कण्वांना संपवले असेल तर तो याच सुमाराचा.

आता दुसऱ्या टोकाकडून मोजू. सातवाहन सत्ता इ.स. २२५ च्या आसपास संपली. मत्स्यपुराण या घराण्याला ४६० वर्षे देते. तेवढे मागे गेले की आपण इ.स.पू. २३५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अशोकाच्या अखेरच्या वर्षांत पोचतो. वायुपुराणातील ३०० वर्षांचा आकडा धरला तर मात्र इ.स.पू. ७५ येते.

एकाच खातेवहीच्या दोन पानांवरची शिल्लक जुळत नसेल तर आपण वहीबाहेरचा पुरावा शोधतो. इतिहासातही तसेच करावे लागते. असा पुरावा म्हणजे शिलालेख आणि नाणी. लेखांच्या अक्षरवळणावरून आज बरेच अभ्यासक सिमुकाला इ.स.पू. पहिल्या शतकाकडे झुकलेला मानतात.

येथेच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. गुढीपाडव्याला आपण शालिवाहन शके म्हणतो, त्यावरून अनेकांना वाटते की हा शक सातवाहनांनी सुरू केला. हा शक इ.स. ७८ चा आहे. तेव्हा सिमुकाला जाऊन बराच काळ लोटला होता. तो शक-कुषाणांच्या राजवटीतून आला आणि शालिवाहनाचे नाव त्याला फार नंतर चिकटले. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजत.

नाणेघाटातील पाऊलखुणा

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. कोकणातील कल्याण-सोपाऱ्याहून घाटमाथ्यावर येण्याची ही जुनी व्यापारी वाट. घाटाच्या तोंडाशी एक कोरीव लेणे आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या आठ आकृती कोरलेल्या होत्या. आज आकृती नाहीत. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी उरली आहेत. पहिले नाव सिमुक सातवाहनाचे. त्यामागे श्री असा मान लावलेला आहे आणि त्याला राया, म्हणजे राजा, म्हटले आहे. पुढे राणी नागनिका व राजा सातकर्णी, काही कुमार, आणि महारठी त्रनकयिर यांची नावे येतात.

बाजूच्या भिंतींवर राणीचा मोठा लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या हजारो गायी, घोडे, हत्ती, गावे व कार्षापण नाणी यांची यादी आहे. सुरुवातीच्या नमनात धम्माचे व इंद्राचे नाव आहे. ही रांग आणि हा लेख मिळून सिमुकाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते : त्याच्या पुढच्या पिढ्यांनी त्याला आपला पहिला राजा मानले.

महारठीचे नाव त्या रांगेत असणे फार बोलके आहे. महारठी हे त्या काळचे बलवान स्थानिक सरदार. त्यांची स्वतःची नाणी असत. नागनिका अशाच महारठी घराण्यातील मानली जाते. म्हणजे नव्या राजघराण्याने जुन्या सरदारांना केवळ चिरडले नाही, तर सोयरीक करून जोडून घेतले. तलवारीने मिळवलेले राज्य लग्नाने बांधले गेले.

तेलंगणातील कोटिलिंगाल येथे सिमुकाच्या नावाशी जुळणारी नाणी मिळाली आहेत. त्यांवर राजा श्री चिमुक सातवाहन असे नाव आहे. त्याच ठिकाणी गोभद, कंवाय, समगोप अशा इतर स्थानिक राजांची नाणीही मिळाली. यावरून चित्र असे दिसते, की मौर्यांचा अंमल ढिला झाल्यावर दख्खनमध्ये अनेक छोटे अधिपती डोके वर काढत होते आणि त्यांतल्या एकाने इतरांवर मात केली. हा चिमुक आणि नाणेघाटाचा सिमुक एकच, असे अनेकजण मानतात. काही जण त्यांना वेगळे समजतात.

सिमुकाचा भाऊ कृष्ण याच्या काळातील एक लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. तो आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. सातवाहन कुळातील कन्ह राजा असताना नाशिकच्या श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या महामात्राने हे लेणे करवले, एवढाच त्याचा मजकूर. महामात्र हा शब्द अशोकाच्या राज्यकारभारातला. म्हणजे घराणे नवे असले तरी कारभाराची घडी जुनी होती, आणि भिक्षुसंघाकडे लक्ष देणारा अधिकारी दुसऱ्याच राजाच्या काळात नेमलेला दिसतो.

राज्य कशावर टिकले?

मूळपुरुष राज्य मिळवतो, पण ते शतकानुशतके टिकवणे एका माणसाच्या हातचे नसते. सातवाहनांच्या बाबतीत तीन गोष्टी दिसतात.

पहिली वाट. कल्याण-सोपारा, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर ही व्यापाराची साखळी होती. ग्रीक भाषेतील पेरिप्लस या प्रवासवर्णनात पैठण व तगर (म्हणजे तेर) येथून माल बंदराकडे जात असल्याचे सांगितले आहे. त्याच वाटांवर भाजे, कार्ले, जुन्नर, नाशिक ही बौद्ध लेणी आहेत. हा योगायोग नव्हे. घाट उतरणाऱ्या तांड्याला मुक्काम हवा होता आणि भिक्षूंना दान हवे होते.

दुसरी गोष्ट भाषा. सातवाहनांनी आपले लेख प्राकृतात, लोकांना कळणाऱ्या भाषेत कोरले. गाथासप्तशती हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह याच वंशातील हाल राजाच्या नावावर आहे. आपली मराठी त्याच प्राकृताच्या वाटेने आली.

तिसरी गोष्ट विश्वास. याचे उत्तम उदाहरण सातवाहनांच्या शत्रूच्या लेखात आहे. क्षहरात नहपानाने मध्यंतरी नाशिकचा भाग बळकावला होता. त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २००० दरमहा शेकडा १ दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे होते. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. मूळ रक्कम कधी परत करायची नाही, व्याज तेवढे द्यायचे. आजची मुदत ठेव याहून फार वेगळी नाही.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला हे नाण्याने सांगितले. पण उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे एक शेत गौतमीपुत्राने भिक्षूंना दिले आणि त्याचा लेख कोरला. स्वतः वैदिक परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या या घराण्याने संघाचे दान चालू ठेवले. गौतमी बलश्रीने तर भदायनीय पंथाच्या भिक्षूंना आख्खे लेणे दिले. ज्या लेखात तिने मुलाला अद्वितीय ब्राह्मण म्हटले, तोच हा दानलेख. माणसाचा आणि घराण्याचा इतिहास असा सरळ एका रंगाचा नसतो.

आपला परिसर

आता वैनगंगेच्या काठी येऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिलालेखात प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई केली आहे. तो अशोकाच्या धर्ममहामात्राच्या आज्ञेचा असावा, असे डॉ. वा. वि. मिराशी यांनी मांडले. म्हणजे सिमुकाच्या आधी मौर्यांचा हात आपल्या भागापर्यंत पोचला होता.

पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. जगन्नाथ मंदिराची टेकडी आणि चांदकापूरची टेकडी येथे मोठे स्तूप उघडकीस आले. कठड्याच्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत उपासक आहेत, उपासिका आहेत, भिक्षुणी आहेत. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही पवनीलाच मिळाला. १९३९ साली वऱ्हाडात, आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला आणि पुराणांच्या यादीतले कित्येक राजे खरेच होऊन गेले याला आधार मिळाला.

ओरिसातील हाथीगुंफा लेखात खारवेल राजा सांगतो, की सातकर्णीची पर्वा न करता त्याने पश्चिमेकडे फौज पाठवली आणि ती कण्हबेणा नदीपर्यंत पोचली. काही अभ्यासक ही नदी कृष्णा मानतात. काहींच्या मते ती आपली कन्हान-वैनगंगा. हे दुसरे मत बरोबर असेल तर आंभोऱ्याचा संगम ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी दोन राज्यांच्या सीमेचे पाणी पाहिले आहे.

आता तुलना करा. चीनच्या लिऊ बांगचा सबंध जीवनवृत्तांत लिहून ठेवलेला आहे. आपल्या सिमुकाच्या वाट्याला एका भिंतीवर नाव, पायांची खूण, थोडी नाणी आणि पुराणांतले काही शब्द आले. ज्याने महाराष्ट्राचे पहिले मोठे राज्य उभारले, त्याचा चेहराही आपल्याजवळ नाही. उलट पवनीच्या खांबावर ज्या उपासिकेने आपल्या ऐपतीप्रमाणे एका दगडाचे दान केले, तिचे नाव टिकले. राजाला इतिहासकार हवा असतो. दान देणाऱ्याला एक ओळ आणि एक दगड पुरतो.

म्हणूनच दगड आणि नाणी जपणे हा आपल्यासाठी केवळ हौसेचा विषय नाही. घराचा पाया खणताना, विहीर उपसताना, शेत नांगरताना अक्षरे असलेला दगड, मोठी वीट किंवा हिरवट नाणे सापडू शकते. दगड पायरीला लावला, नाणे सोनाराकडे वितळले, की एका राजाचे किंवा एका उपासिकेचे नाव कायमचे पुसले जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या जुन्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. कायद्याची भीती म्हणून नव्हे, तर आपल्याच पूर्वजांची नोंद म्हणून ही माहिती दिली पाहिजे. आपल्या शाळांनी वर्षातून एकदा मुलांना पवनीच्या टेकड्या दाखवाव्यात. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातही एकदा घेऊन जावे.

भागवताने सिमुकाला शिवी दिली, त्याच्या घराण्यातील राणीने त्याला भिंतीवर पहिला मान दिला, लोकांनी त्याच्या वंशाला कुंभाराच्या अंगणात नेऊन बसवले. यांतले कोणते खरे, याचा निर्णय पुढच्या एखाद्या पुराव्याने होईल. तो पुरावा कदाचित पैठणला सापडेल, कदाचित कोटिलिंगालला, कदाचित आपल्याच तालुक्यातील एखाद्या बांधावर. ज्याच्या हाती तो लागेल त्याने तो ओळखावा आणि फेकून देऊ नये, एवढी तयारी आपण आजपासून करू शकतो.